हेमांगीच्या डोक्यातला प्लेअर

सकाळपासून हेमांगी ठोसरच्या डोक्यात साबणाच्या जाहिरातीचं तेच गाणं वाजत होतं. कानामागे बसवलेल्या गाण्यांच्या प्लेअरचं बटण बिघडलं होतं, म्हणून तिने कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "कॉम्प्युटरवर टर्मिनल, म्हणजे आदेश लिहायची खिडकी, उघडा आणि 'थांब' असा आदेश टाइप करा."

तिने केला. पडद्यावर उत्तर आलं: तुमच्या नावावर एकही प्लेअर चालू नाही.

"चालू नाही म्हणजे काय? डोकं फुटायची वेळ आलीय माझं."

"मॅडम, तुमचा प्लेअर उदय ठोसर यांच्या खात्यात चालतोय. आदेश त्यांनीच द्यायला हवा."

हेमांगीला आठवलं. फॉर्म तिनेच भरला होता. गॅस, वीजमीटर, फ्लॅट, सगळं नवऱ्याच्या नावावर, तसं याही फॉर्मवर मालकाच्या रकान्यात तिने सवयीने त्याचंच नाव लिहिलं होतं. तिला आधी स्वतःचा राग आला आणि मग त्या रकान्याचा.

"डोकं माझं आहे," ती म्हणाली.

"हो, पण नोंद साहेबांची आहे. त्यांना फोन देता का?"

तिने फोन कट केला आणि उदयला हाक मारली. त्याने येऊन आपलं खातं उघडलं. पडद्यावर त्याच्या वस्तूंची यादी आली: गिझर, टीव्ही, स्कूटर, हेमांगी.

"एवढंच ना? आत्ता थांबवतो," तो म्हणाला. "त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?"

हेमांगीने त्याचा हात कीबोर्डवरून बाजूला केला. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं.

"वाजू दे," ती म्हणाली. "आधी मला त्या यादीतून काढ."