बेल वाजवू नका

नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाल्यापासून काकूंचा जीव मेटाकुटीला आला होता. औषधांच्या दुकानातून रिपोर्टच्या खिडकीकडे आणि तिथून पुन्हा वर वॉर्डात, लिफ्ट बंदच. त्यात काकांची बेल थांबत नव्हती. कधी उशी, कधी पंखा.

जिना चढून आलेल्या काकू घामाघूम होऊन खुर्चीत बसल्या आणि करवादल्या, "अहो, पुरे आता. त्या पोरीला दुसरे पेशंट आहेत की नाही?"

काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा बेल दाबली.

सिस्टर तणतणतच आली. "काका, आता काय राहिलं?"

"माझं सोड. हिला बघ. मघापासून जबडा चोळतेय."

"मला काय धाड भरलीय? जिने चढून दमलेय, दुसरं काही नाही."

"मीही असंच म्हणत होतो," काका म्हणाले.

निदान आता तरी हे गप्प बसतील, म्हणून सिस्टरनं काकूंना शेजारच्या रिकाम्या खाटेवर निजवून ईसीजी काढला. कागद बघता बघता तिचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, आता अजिबात उठायचं नाही. मी डॉक्टरांना बोलावते."

"उठायचं नाही काय?" काकू तिच्यावरच खेकसल्या. "मग यांचं कोण करणार?"