बीटाची संथा

जे अजून सिद्ध झालेले नाही, त्याचे दोष कोणाला तरी आधी सोसावे लागतात. सोसणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा बोलच येतो.

पाठशाळेतल्या दृष्टिहीन मुक्ताचा परीक्षेचा अर्ज त्या दुपारी अर्ध्यावर अडला. अक्षरे वाचून दाखवणारा संगणक शेवटच्या बटणापाशी मुका झाला होता आणि मुदत पाचपर्यंतच होती. तिने ब्राउझरची बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेली आवृत्ती उघडली होती.

"कच्चे मडके पाण्याला नेलेसच कशाला?" नारायणशास्त्री म्हणाले.

"चूक माझीच, गुरुजी. सभेच्या कामाला संथेची, सरावाची आवृत्ती घेतली." मुक्ताने सर्वांसाठीची, तपासून दिलेली स्थिर आवृत्ती उघडली. आवाज परतला, अर्ज गेला.

"आता ती बीटा काढून टाक."

"संथा घेताना माझा स्वर चुकला, तर तुम्ही मला काढून टाकता का?"

शास्त्रीबुवांना हसू आले. "नाही. पुन्हा म्हणवून घेतो. म्हणून तर सभेत तुझी फजिती होत नाही."

"हिचेही तसेच. ही चूक आम्ही बीटा वापरणाऱ्यांनी आताच कळवली नाही, तर काही आठवड्यांनी हेच मुके बटण सर्वांच्या स्थिर आवृत्तीत येईल."

शास्त्रीबुवा खुर्ची ओढून बसले. पडद्यावरचे ते बटण कुठे आहे आणि कसे दिसते, ते त्यांनी सावकाश सांगितले. मुक्ताने तसे लिहून ब्राउझर बनवणाऱ्यांना पाठवले.

तिच्या मस्तकावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझ्यासारखी जी मुलगी तुला कधी भेटणार नाही, तिचाही अर्ज सुखरूप जावो."