पाहुण्यांचे कप

कॉलेजकडून फीसाठी मिळणारी मदत दर वर्षी नव्याने मागावी लागते, आणि दर वर्षी कॉलेजच्या मॅडम घर बघायला येतात. आमची परिस्थिती अजून तशीच आहे, एवढंच त्यांना दिसायला हवं असतं. पण आई कसली ऐकते. ती शेजारच्या काकूंचे सोनेरी काठाचे कप मागून आणते.

"अगं, हे असले कप बघून मदत बंद करतील ते."

"म्हणून कान तुटलेल्या कपात चहा देऊ? काय म्हणतील त्या?"

यंदा काकूंच्या मुलीनेही अर्ज केला होता, त्यामुळे मॅडम आधी त्यांच्याकडे गेल्या. तिथून निघून त्या चपला घालेपर्यंत काकूंनी कपांचा ट्रे मागच्या खिडकीतून आमच्याकडे सरकवला. आईने कप घाईघाईत विसळले आणि ऐटीत चहा पुढे केला.

मॅडम कप तोंडाशी नेता नेता थांबल्या. काठावर त्यांच्याच लिपस्टिकचा ठसा होता.



त्यांनी कप फिरवला, दुसऱ्या बाजूने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाल्या, "दोन्ही घरांचं मंजूर."