अळणी पोहे

मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. ऊर्जितानं सौमित्रपुढे पोह्यांची बशी ठेवली. त्याच्या आईंची, कुंदाताईंची, चतुर्थी होती. त्यांनी फक्त चहा घेतला.

“जिभेवर यंत्र बसवल्यापासून सौमित्र अकरा किलो उतरलाय हो,” कुंदाताई म्हणाल्या. “आठ तास चव, सोळा तास सगळं खडूसारखं. आपोआप उपास.”

“चवीची वेळ कोणती?” ऊर्जिताच्या वडिलांनी विचारलं. हल्ली पत्रिकेआधी हेच जुळवत.

“दुपारी बारा ते रात्री आठ. तुमच्या ऊर्जितासारखीच!”

पाच वाजले होते. सौमित्रनं शेवटचा घास संपवला. “झकास झालेत. मीठ अगदी बेताचं.”

“मीठ घातलेलंच नाही,” ऊर्जिता म्हणाली. आधीच्या तीन मुलांपैकी दोघं चवीची वेळ खोटी सांगून याच बशीत सापडले होते.

सौमित्र कानापर्यंत लाल झाला. “माझी रात्रपाळी असते. चव रात्री दहाला येते. आई म्हणाली, खरं सांगितलं तर कुणी दारात उभं करणार नाही.”

“म्हणजे आत्ता अख्खी बशीभर खडू खाल्लात?”

“तुम्ही केले होते ना.”

आधीच्या दोघांनी दोन चमच्यांतच बशी खाली ठेवली होती. ऊर्जितानं ही रिकामी बशी उचलली.

“माझ्या यंत्राची वेळ रात्रीची करून घेता येईल,” ती म्हणाली. “पण रात्री दहाला स्वयंपाक मी करणार नाही.”

“मी करीन,” सौमित्र घाईनं म्हणाला. “मीठ घालून.”