आधारस्तंभ

बँकेच्या जुन्या इमारतीत दोन दगडी पुरुष हात उंचावून खांद्यांवर सज्जा पेलून उभे होते. डावीकडच्याच्या पायाशी बसून हेडक्लार्कांनी अख्खी नोकरी काढली आणि खांदेदुखी कमावली. रोज मलम चोळताना बायको विचारायची, “तुमच्या अंगाला हा चुना कुठून लागतो हो?”

निरोपसमारंभात मॅनेजर म्हणाले, “आपले आधारस्तंभ आज निवृत्त होताहेत.”

हेडक्लार्कांनी थकून वर पाहिलं. डावीकडच्या पुरुषाने हात खाली सोडले होते. चेहऱ्यावर रविवारची दुपार होती.

“चला आता घरी,” बायको म्हणाली.

हेडक्लार्कांनी खांदे सैल सोडले. वर सज्जा कुरकुरला आणि मॅनेजरांच्या टकलावर चुना सांडला.

त्यांनी खांदे पुन्हा ताठ केले. कुरकुर थांबली.

“तू हो पुढे,” ते म्हणाले. “मी आलोच.”