मडगार्डावरची रेघ

इटलीतल्या मोदेनाच्या मोटारींच्या कारखान्यात नेव्हिओ पत्र्याची पारख उजेडावर करायचा. रॉकेलनं पुसून चकचकीत केलेल्या मडगार्डात छताच्या ट्यूबची रेघ सरळ दिसली तर पत्रा पास. वाकली, तर पुन्हा ठोकायचा.

आज ती वाकली. त्याच मॉडेलची चौथ्या पिढीची ही गाडी सुरीच्या पात्यासारखी सपाट होती. तरी मागच्या चाकापाशी रेघ टेकडी चढावी तशी वर गेली आणि पलीकडे उतरली.

"ग्वाल्तिएरो, पट्टी दे," तो शेजारच्या कारागिराला म्हणाला.

पट्टी पत्र्याला चिकटून बसली. खाली केसभरही फट नव्हती.

"दुपारची जरा कमी पीत जा," ग्वाल्तिएरो हसला. "प्रदर्शन तोंडावर आलंय. तू हो म्हटल्याशिवाय रंगवाले हात लावायचे नाहीत." मग त्यानं स्वतः वाकून पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. "अरे, हा तर पहिल्या गाडीचा फुगवटा. तुझ्या बाबांनी ठोकलेला."

दर नव्या पिढीच्या गाडीत तो फुगवटा थोडा थोडा उतरवत आणला होता. या गाडीत तो उरलाच नव्हता.

बाबा शेवटचा हात फिरवताना डोळे मिटून घ्यायचे. नेव्हिओनंही मिटले, आणि तळवा वरून हळूहळू खाली आणला.

पत्र्याच्या वीतभर वरच तो टेकला. हाताखाली गोल, गुळगुळीत, उन्हात तापल्यासारखं ऊबदार काहीतरी होतं.

"नेव्हिओ," ग्वाल्तिएरो कुजबुजला, "हात कशावर ठेवलायस?"

नेव्हिओनं चढापासून उतारापर्यंत सावकाश हात फिरवला. कुठंही खोट नव्हती.

"पास," तो डोळे न उघडताच म्हणाला.