सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस

खडू फरशीवर किर्र वाजला आणि प्रभाकररावांची दुपारची झोप मोडली.

सिंदी मेघेतल्या घराच्या बैठकीच्या खोलीत त्यांची सून नमिता गुडघ्यांवर बसून भलामोठा आकडा लिहीत होती. शेजारी तिची आठ वर्षांची वेदश्री, हातात ओलं फडकं घेऊन.

"उद्या नोकरीसाठी कॉलेजात शिकवून दाखवा लागते, बाबा. समोर सगळे प्रोफेसर बसतीन," नमिता म्हणाली. "शिकवणं येते मले. पण कोणी काही विचारलं, अन् मले आलंच नाई तर?"

"मंग मी विचारतो ना. समज, मीच प्रोफेसर." प्रभाकररावांनी चष्मा लावला. जन्म किराणा दुकानात गेलेला. आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नसे. ७३९३९१३३. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. कोणाची इस्टेट व्हय?"

"मूळ संख्या आहे, बाबा. एक आणि ती स्वतः सोडून कोणानंच भाग जात नाई."

"कोणानंच? थांब."

अंकांची बेरीज करून त्यांनी तीन बाद केला, नऊ बाद केला. सातापाशी मात्र ओठ बराच वेळ हलत राहिले.

"दोन उरले," ते चिडून म्हणाले. "मोठी हट्टी आहे. आपल्या वेदूवर गेली."

"आता पहा."

वेदश्रीने शेवटचा तीन पुसला. नमिता म्हणाली, "उरली तीही मूळच." आणखी एक तीन पुसला. "हीपण." मग एक गेला, नऊ गेला. चार अंक उरले तेव्हा प्रभाकररावांनी गुपचूप तेराने भागून पाहिलं. जमलं नाही. शेवटी ओल्या फरशीवर एकटा सात राहिला.

"सातपण मूळ!" वेदश्री ओरडली.

"वा! अन् पुसायच्या ऐवजी पुढं एक अंक वाढवला तर?"

"कोणताच चालत नाई, बाबा. शेवटून पुसत गेलं तरी मूळच राहते, अशी याच्यापेक्षा मोठी संख्याच नाई." नमिताच्या आवाजात तोरा आला होता, जणू ती संख्या तिच्या माहेरचीच.

"घेतलं नाई तुले, तर समजजो, त्याहिलेच भागाकार येत नाई."

वेदश्री अजून फरशीकडेच पाहत होती. "आई, पण ती तिथंच काऊन थांबली?"

"पुढं कोणताही अंक लावला की भाग जाते ना, म्हणून."

"ते समजलं. पण काऊन जाते?"

नमिताने खडू खाली ठेवला. ती सासऱ्यांकडे वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"ऐकलं का बाबा, काय विचारलं हिनं? हे तर मलेपण येत नाई!"